पिकाची राखण आणि बंदुकीचा परवाना

भात निसवूं लागलें कीं डोंगरालगतच्या शेतकऱ्याची झोप उडते. लावणी झाली, बेणणी झाली, पावसानें साथ दिली, भाद्रपदाच्या अखेरीस लोंबींत दूध भरलें. आणि नेमक्या ह्याच दिवसांत रानडुकरांचा एखादा कळप एका रात्रींत खाचर उकरून व लोळवून जातो. खातो थोडें, नासतो फार. जें पीक चार महिन्यांच्या श्रमानें उभें राहिलें, तें चार घटकांत चिखलाला मिळतें. भातामागून वाल पेरावा, तर त्याच्याहि शेंगा पदरांत पडतील कीं नाहीं ह्याची शाश्वती नसते. अशा वेळीं शेतकऱ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो बंदुकीचा.

अंबरनाथ व बदलापूर ह्या दोन स्थानकांच्या मध्यें वसलेलें चिखलोली हें ह्या प्रश्नाचें चांगलें उदाहरण आहे. गांवाजवळच धरण, ज्याचें पाणी अंबरनाथकरांस मिळतें. एका अंगास मलंगगड, तावली व चंदेरी यांची डोंगररांग; दुसऱ्या अंगास औद्योगिक वसाहत, उंच इमारती आणि रेल्वेची वाढती वर्दळ. अशा गांवच्या शेतकऱ्यास दोन्हीकडून रेटा बसतो. रानाकडून जनावर येतें, म्हणून त्यास बंदूक हवीशी वाटते. नगराकडून वस्ती येते, म्हणून ती बंदूक मिळणें व चालविणें दोन्ही अवघड होतें. ज्या अंबरनाथमध्यें १९५३ पासून सरकारी आयुधनिर्माणी आहे, त्याच तालुक्यांतील कुणब्यास साधी ठासणीची बंदूक घ्यावयाची झाली तरी पोलिसांचा अभिप्राय व आयुक्तांची सही यांवांचून गत्यंतर नाहीं. हें योग्यच आहे. परंतु तो अभिप्राय कसा मिळतो, त्याचें मोल किती, व तो मिळाल्यावर शेतकऱ्यानें काय करावें, ह्याविषयीं आमच्या वर्गांत पुष्कळ अज्ञान आहे. तें दूर व्हावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

कायद्याची पूर्वपीठिका

हिंदुस्थानांत शस्त्रांवर सार्वत्रिक निर्बंध आला तो लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत, १८७८ च्या कायद्यानें. त्या कायद्यानें एतद्देशीयांस परवान्याची सक्ति केली आणि युरोपियनांस मोकळीक ठेवली, म्हणून त्याचा सल लोकांच्या मनांत दीर्घकाळ राहिला. १९३० सालीं महात्मा गांधींनीं सरकारपुढें जीं अकरा कलमें मांडलीं, त्यांत आत्मरक्षणासाठीं शस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखालीं मिळावे, असें एक कलम होतें. अहिंसेच्या पुरस्कर्त्यानें ही मागणी करावी, ह्यावरून त्या कायद्याची बोच केवढी होती तें दिसतें. पुढच्याच वर्षीं कराची येथील काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांतहि नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. राज्यघटनेनें शस्त्र बाळगणें हा मूलभूत हक्क मानलेला नाहीं. परंतु ह्या कायद्यानें वर्णभेद काढून टाकला आणि शेतकऱ्याच्या गरजेस स्वतंत्र स्थान दिलें. १९६२ च्या नियमांच्या जागीं १५ जुलै २०१६ रोजीं नवे नियम आले. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतील असें ठरलें, व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली.

अर्ज कोणाकडे करावयाचा?

सामान्यतः जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपला कलेक्टर, हा परवाना देणारा अधिकारी असतो. परंतु ज्या प्रदेशासाठीं पोलीस आयुक्ताची नेमणूक झालेली असते, तेथें जिल्हादंडाधिकारी ह्या शब्दाचा अर्थ पोलीस आयुक्त असा घ्यावा, असें कायद्यांतच म्हटलें आहे. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर हीं नगरें ठाणें पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत मोडतात. त्यामुळें चिखलोलीच्या शेतकऱ्याचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जातो. मुरबाडकडच्या शेतकऱ्याचा मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकाच जिल्ह्यांतील, एकाच डोंगराच्या दोन अंगांस असलेल्या शेतकऱ्यांचीं दारें अशीं निराळीं आहेत. आपलें गांव कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दींत येतें, हें आधीं विचारून घ्यावें. चुकीच्या कचेरींत दिलेला अर्ज महिनोंमहिने पडून राहतो आणि हंगाम निघून जातो.

अर्ज विहित नमुन्यांत असावा लागतो. त्याबरोबर ओळखीचे व रहिवासाचे दाखले, शरीर व मन निकोप असल्याचें वैद्यकीय प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, तसेंच ती हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला अशीं कागदपत्रें लागतात. अर्जदार एकवीस वर्षांवरील असला पाहिजे. आतां प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय नोंदवहींत होते व त्यास एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो.

पोलिसांचा अभिप्राय

अर्ज आल्यावर परवाना देणारा अधिकारी तो नजीकच्या पोलीस ठाण्याच्या मुख्य अंमलदाराकडे अभिप्रायासाठीं धाडतो. हाच सर्व प्रकरणाचा कणा होय. अंमलदारानें तीस दिवसांत अहवाल द्यावा, असा नियम आहे. अर्जदार सांगतो तोच आहे काय, त्यावर पूर्वीं गुन्हा शाबीत झाला आहे काय, एखादा खटला चालू आहे काय, शांतता राखण्याचें बंधपत्र त्याकडून घेतलेलें आहे काय, आणि त्याच्या हातीं बंदूक दिल्यानें सार्वजनिक शांततेस धोका संभवतो काय, हें त्यानें पाहावयाचें असतें. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या अपराधासाठीं ज्यास कैद झाली असेल, त्यास शिक्षा संपल्यावर पांच वर्षेंपर्यंत बंदूक बाळगतां येत नाहीं.

येथें तीन गोष्टी शेतकऱ्यानें मनावर ठसवून घ्याव्या. पहिली ही कीं, पोलिसांचा अहवाल हा अभिप्राय आहे, निकाल नव्हे. निकाल परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानें स्वतःच्या विचारानें व लेखी द्यावयाचा असतो. अहवाल मुदतींत आला नाहीं, तर त्याची वाट न पाहतां निर्णय करण्याची मुभाहि कायद्यानें त्यास दिली आहे. मात्र तसें करणें न करणें त्याच्या मर्जीवर आहे. दुसरी ही कीं, परवाना नाकारल्यास कारणें नोंदवावीं लागतात, व लोकहितास बाध येत नसेल तर अर्जदारानें मागतांच तीं थोडक्यांत कळवावीं लागतात. त्यावर ठराविक मुदतींत वरिष्ठांकडे अपील करतां येतें. तिसरी, आणि लहान शेतकऱ्यास सर्वांत महत्त्वाची, ही कीं, अर्जदारापाशीं पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच सबबीवर परवाना नाकारतां येत नाहीं. अर्ध्या एकराचा धनीहि ह्या बाबतींत बागाईतदाराच्या बरोबरीचा आहे.

स्थानिक पोलीस अधिकाऱ्याच्या मताला किती वजन द्यावें, हा वाद आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९३४ च्या कायद्यानें मशीनगन, आवाज दाबणारीं नळकांडीं, आंखूड नळीच्या बंदुका अशा विशेष निर्बंधाच्या शस्त्रांसाठीं निराळी नोंदणी ठेवली. खासगी व्यक्तीस असें शस्त्र घ्यावयाचें असल्यास अर्जावर तेथील पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागे. आणि ती देण्याचें त्यावर बंधन नसे. कांहीं ठिकाणीं सही सहज मिळे, कांहीं ठिकाणीं कारणहि न सांगतां नकार मिळे. लोकांनीं विश्वस्त संस्थांच्या नांवें शस्त्रें घेण्याची पळवाट काढली. अखेर १३ जुलै २०१६ पासून ती सही रद्द होऊन तेथील अधिकाऱ्यास केवळ सूचना देणें आवश्यक राहिलें. योगायोग असा, कीं त्यानंतर दोनच दिवसांनीं आपले नवे नियम निघाले. आपल्याकडे स्थानिक पोलिसांचें मत राखलें गेलें, पण तें एका वरिष्ठाच्या लेखी व कारणयुक्त निर्णयाखालीं. ही व्यवस्था तत्त्वतः चांगली आहे. ती व्यवहारांत चांगली ठरावी, ह्यासाठीं अर्जदारानेंहि आपला भार उचलला पाहिजे.

तो भार म्हणजे गरजेचा पुरावा. ठाण्याच्या अंमलदारास आपलें खाचर ठाऊक नसतें. त्याच्या डोळ्यांपुढें अर्ज, नकाशा आणि आजूबाजूच्या इमारती असतात. चिखलोलीसारख्या ठिकाणीं त्याच्या मनांत सहज प्रश्न येतो कीं, येथें शेती उरली आहे तरी कोठें? ह्या प्रश्नास तोंडी कळवळ्यानें उत्तर देतां येत नाहीं. चालू सालचा सात-बारा व आठ-अचा उतारा, पीकपाहणींत आपल्या पिकाची नोंद, जमीन रानालगत असल्याचा नकाशा, आणि सर्वांत मोलाचें म्हणजे पूर्वींच्या नुकसानीचे पंचनामे, हीं पुढें ठेवावीं. रानजनावरांनीं पीक नासल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज विनाविलंब करावयाचा असतो. पुष्कळ शेतकरी तो करीत नाहींत. थोड्या रकमेसाठीं कोण खेटे घालणार, असें म्हणतात. परंतु त्या पंचनाम्याचें खरें मोल रकमेंत नसून नोंदींत आहे. लागोपाठ दोन-तीन हंगामांचे पंचनामे ज्यानें जपून ठेवले, त्याची गरज सरकारच्याच कागदानें शाबीत होते.

ह्याबरोबर सत्य सांगावें. भाऊबंदांशीं दिवाणी दावा असेल, पूर्वीं एखादी तक्रार झाली असेल, तर ती दडवूं नये. महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी माहिती देऊन मिळविलेला परवाना रद्द होऊं शकतो, आणि मग पुढचा अभिप्राय कधींच अनुकूल येत नाहीं.

कोणती बंदूक?

कायद्यानें शस्त्रांच्या पायऱ्या केल्या आहेत. निषिद्ध वर्गांतील शस्त्रें केंद्र सरकारच्या खास मंजुरीवांचून कोणास बाळगतां येत नाहींत. पिस्तूल, रिव्हॉल्वर, आटेदार नळीची मोठी रायफल ह्यांसाठीं सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. परंतु खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागितल्यास, अपात्रतेचें किंवा शांतताभंगाचें कारण नसेल तर, परवाना द्यावा अशी कायद्याची भाषा आहे. म्हणून शेतकऱ्यानें उगाच भारी शस्त्राची हांव धरूं नये. जो पिकासाठीं रिव्हॉल्वर मागतो, त्याच्या हेतूविषयीं अंमलदारास शंका आल्यास नवल नाहीं.

ठासणीच्या बंदुकींत दारू व छर्रे तोंडाकडून भरून गजानें ठासावे लागतात. ती स्वस्त व साधी. पण एक बार झाल्यावर पुन्हां भरण्यास वेळ लागतो, आणि कोंकणच्या पावसांत दारू सर्दावते. आपल्याकडे भाताचें नुकसान तर ओल्या दिवसांतच होतें. कायदे करणारांस ही अडचण ठाऊक असावी. कारण ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी खात्री झाल्यास, वीस इंचांहून आंखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारांत काडतुसाची बाराबोर, पीकसंरक्षणासाठीं देतां येईल, अशी पुस्ती त्याच कलमास जोडली आहे. ही मागणी करावयाची असेल तर कारण अर्जांतच लिहावें.

वडिलांच्या नांवें जुना परवाना असेल, तर त्यांच्या पश्चात् वारसास अर्ज करतां येतो. तसेंच परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा त्यानें पंचवीस वर्षें बंदूक बाळगल्यावर, हयातींतहि ती वारसाच्या नांवें होऊं शकते. वारसाची पात्रता मात्र नव्यानें तपासली जाते. बाप वारला आणि बंदूक तशीच माळ्यावर राहिली, अशी स्थिति कदापि ठेवूं नये. विनापरवाना बंदूक बाळगणारास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पांच वर्षांची कैद सांगितली आहे. आजोबांची आठवण म्हणून ठेवली होती, हें उत्तर न्यायालयांत चालत नाहीं. तोंवर ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

पुष्कळांची समजूत अशी कीं, बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारण्यास मोकळीक झाली. ही समजूत घातक आहे. बंदूक बाळगण्याची परवानगी पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी देतात. जनावर मारण्याची परवानगी वनखातें देतें. दोन कायदे, दोन कचेऱ्या, दोन कागद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें रानडुक्कर हें संरक्षित जनावर आहे; २०२२ च्या दुरुस्तीनंतर तें दुसऱ्या अनुसूचींत आहे. तें मनुष्यास किंवा उभ्या पिकास घातक झालें असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लेखी आज्ञेनें तें मारण्याची परवानगी देऊं शकतो. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रानडुक्कर व रोही यांच्या बाबतींत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खालीं आणला, हें शेतकऱ्याच्या सोयीचें झालें. मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता होतें. त्याचें मांस वाटणें हा गुन्हा आहे. बिबट्यावर तर पिकाच्या किंवा कोंबड्यांच्या रक्षणासाठीं बंदूक रोखण्याचा विचारहि मनांत आणूं नये. त्याच्याविषयीं निर्णय घेण्याचा अधिकार केवळ मुख्य वन्यजीव रक्षकास आहे.

तेव्हां वनखात्याची आज्ञा हातीं नसतां बंदुकीचा उपयोग फार तर आवाज करून कळप पिटाळण्यापुरता. तोहि वस्तीपासून दूर व परवान्यावरील अटींस धरून. निष्काळजीपणें किंवा आनंदोत्सवांत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणारास दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

परवान्यानंतरची जबाबदारी

बंदूक कुलुपांत, काडतुसें निराळ्या कुलुपांत, आणि किल्ली परवानाधारकाच्याच कंबरेस असावी. परवान्यावर लिहिलीं असतील तेवढींच काडतुसें घ्यावीं. राखणीस गड्यास पाठवितांना बंदूक त्याच्या हातीं देऊं नये. मुदत संपण्यापूर्वीं पुरेसे दिवस आधीं नूतनीकरणाचा अर्ज करावा.

निवडणुकीच्या काळांत परवान्याच्या बंदुका जमा करून घेण्याची रीत आहे. हा हुकूम पीक उभें असतांना आला म्हणजे शेतकरी हवालदिल होतो. गोमंतकांत व सिंधुदुर्गांत ही तक्रार नित्याची आहे. ह्या बाबतींत २००९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सरसकट जप्तीची रीत योग्य मानली नाहीं. तेव्हांपासून प्रत्येक परवानाधारकाचा विचार छाननी समितीनें करावयाचा असतो. म्हणून पीकसंरक्षणासाठीं बंदुकीची निकड असेल, तर हुकूम येतांच समितीकडे लेखी विनंति करावी. हुकूम मोडून बंदूक घरांत दडवूं नये.

संघशक्तीचा मार्ग

इतकें सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्टपणें लिहिणें आमचें कर्तव्य आहे. प्रत्येक शेतकऱ्यास बंदूक असावी, असें आमचें मत नाहीं. ज्या खाचराच्या चारी बाजूंस घरें उठलीं, जेथून बाराबोरचा छर्रा कोणाच्या अंगणांत जाईल हें सांगतां येत नाहीं, तेथें पोलिसांनीं प्रतिकूल अभिप्राय दिला तर तो आपल्याच मुलाबाळांच्या रक्षणासाठीं आहे असें समजावें. अशा ठिकाणीं माळा घालून आळीपाळीनें राखण, डबे व उजेड, बांधावर काटेरी कुंपण, किंवा थांबून थांबून सौम्य झटका देणारें प्रमाणित सौर कुंपण हे उपाय बरे. घरची वीज तारेंत सोडण्याचा प्रकार मात्र निखालस खुनी आहे. डुकराऐवजीं शेजाऱ्याचा बैल किंवा पहाटे पाणी पाहावयास आलेला भाऊ त्यावर मरतो. फोडून उडणारे गोळे, फासे व गांवठी बंदुका हींहि त्याच माळेंतलीं.

परंतु ज्या शिवारास अद्याप रान लागून आहे, तेथें दहा घरांनीं दहा अर्ज करण्यापेक्षां गांवानें एक-दोन शांत स्वभावाचे, निर्व्यसनी व निष्णात शेतकरी निवडावे, आणि त्यांच्या अर्जास सर्वांचे पंचनामे व सह्या जोडाव्या. अंमलदारासहि दहा जणांची चौकशी करण्यापेक्षां गांवानें पारखलेल्या एकाविषयीं अनुकूल लिहिणें सोपें जातें. केरळ राज्यानें २०२२ पासून ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांस मानद वन्यजीव रक्षकाचा अधिकार देऊन, परवानाधारक नेमबाजांकडून उपद्रवी डुकरें मारविण्याची व्यवस्था केली, तींतलें तत्त्वहि हेंच: निर्णय गांवाजवळ, पण बंदूक थोड्या व जबाबदार हातीं.

यंदा भात कापून झाल्यावर प्रत्येक सभासदानें आपल्या नुकसानीची तारीखवार नोंद व पंचनाम्याची प्रत संघाच्या कचेरींत आणून द्यावी. अहवाल येण्यास, निर्णय होण्यास व बंदूक हातीं पडण्यास जो काळ लागतो तो पाहतां, पुढील भाद्रपदाची तयारी ह्या कार्तिकांतच झाली पाहिजे. डुक्कर शेतांत शिरल्यावर लिहिलेला अर्ज त्या सालचें पीक वांचवीत नाहीं.